पालक हजर

पालकांना शाळेशी कसं जोडावं, या विषयावर कुणी बोलायला उभं राहिलं की मी उठून बाहेर जातो. निवृत्त माणसाला एवढी मुभा असते. गेल्या वर्षी नातीच्या शाळेत असंच झालं. कोट घातलेला एक तरुण पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून पालकांचा सहभाग वाढवायचे उपाय सांगत होता आणि सून मला डोळ्यांनी बसा म्हणत होती. मी बसलो नाही. त्या तरुणावर माझा राग नव्हता, तो बिचारा पोटापाण्यासाठी बोलत असणार. पण असलं एक धोरण मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे, वळणदार अक्षरात, डावीकडे समास सोडून, आणि त्यातलं एकेक कलम मला अजून पाठ आहे.

लातूरचा जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मी नांदेडकडचा. नोकरीची पहिली वर्षं इस्लापूरला काढली आणि बायकोचं माहेर औशाजवळ म्हणून बदली मागून इकडे आलो. आलो तो नव्या जिल्ह्यात. नव्या पाट्या, नवे शिक्के, नव्या खुर्च्या, आणि काल कारकून असलेला माणूस आज साहेब. पाऊस तेवढा जुन्याच जिल्ह्यात राहून गेला, असं आमच्या गावातले लोक म्हणत. दोन वर्षं पेरणी वाया गेली होती. गावापासून दीड कोसावर रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं होतं. ज्याला टोपलं उचलता येईल असं प्रत्येक माणूस, म्हणजे बहुतेक बायाच, दिवस उगवायच्या आत तिकडे चालायला लागत. गावात मग पोरं शाळेत आणि पुरुष पारावर, अशी वाटणी झालेली असे.

आमच्या भागातल्या शाळा तपासायला एक विस्तार अधिकारी होते. पुण्याला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते परत आले आणि येताना पालक-सहभाग हा शब्द घेऊन आले. त्याआधी ते हजेरीपट आणि खडूची पेटी बघून जात. आता ते मोटारसायकलवरून उतरले की आधी सुस्कारा सोडत. टँकर दोन दिवसांआड येणाऱ्या त्या गावात साहेबांना हातपाय धुवायला बादलीभर पाणी लागे, आणि ती बादली मीच भरून ठेवायला लावत असे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी काही वेगळ्या मातीचा होतो असं कुणाला वाटायला नको.

"गुरुजी, इथले पालक उदासीन आहेत," तोंड पुसत ते म्हणाले. "मुलांचं काय चाललंय याची त्यांना फिकीर नाही. शिस्त लावल्याशिवाय ते शाळेकडे फिरकणार नाहीत. तुमचं अक्षर चांगलं आहे. एक धोरण तयार करा. तुमच्या शाळेत आधी राबवू, मग मी ते वर दाखवतो."

अक्षर चांगलं आहे एवढ्यावर मी फुगलो. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे होता, सातवीचा वर्गही माझ्याकडेच, आणि धोरण लिहिण्याइतका मोठा माणूस आपण झालो असं मला खरोखर वाटलं. इस्लापूरला असताना रानातून येणाऱ्या बाया लाकडाची मोळी शाळेच्या भिंतीला टेकवून खिडकीतून आत बघत उभ्या राहत. कुणाचं पोर वाचत असलं की तेवढं ऐकून पुढे जात. कुणी त्यांना बोलावलेलं नसे आणि कुणी त्यांची सही घेत नसे. ते सगळं मला ठाऊक असून मी कागद ओढला आणि 'पालकांची कर्तव्ये' असा मथळा टाकला.

कलमं ठरली ती शाळा समितीच्या अध्यक्षांच्या ओसरीवर. अध्यक्षांचं गावात किराणा दुकान होतं, टँकर त्यांच्याच विहिरीत रिकामा होई, आणि त्यांची दोन्ही मुलं लातूरला मामाकडे राहून शिकत होती. म्हणजे शाळेत ज्याचं एकही मूल नाही असा माणूस पालकांचा पुढारी होता, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सभा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा वाजता घ्यायचं ठरलं, कारण सोमवारी अध्यक्षांचा उपवास असे आणि दुकान बंद. तलावावर सोमवारी काम असतं की नाही हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग साहेबांनी विचारलं, "पालक म्हणजे नेमकं कोण, हे लिहावं लागेल."

"वडील," अध्यक्ष म्हणाले. "वडील नसले तर घरातला मोठा पुरुष. बायकांना बोलवू नका गुर्जी. एक डाव का बाया एका जागी बसल्या का त्या पान्याचं गाऱ्हानं काढत्यात. शाळेचं राहील बाजूला."

साहेब हसले. पाण्याचं गाऱ्हाणं त्यांनाही नको होतं, कारण त्यांनी नुकतेच त्याच पाण्यानं पाय धुतले होते. आणि मी, ज्याला त्या गावात शिकलेला म्हणत, मी त्या मतलबाला भाषा दिली. 'पालक म्हणजे विद्यार्थ्याचे वडील. वडिलांच्या अनुपस्थितीत कुटुंबातील ज्येष्ठ कर्ता पुरुष.' पुढे कलम: लागोपाठ तीन सभांना पालक गैरहजर राहिल्यास विद्यार्थ्याचं नाव हजेरीपटावरून कमी करावं. आणि शेवटचं कलम, जे साहेबांना फारच आवडलं: पालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही मुलाचं नाव मध्येच काढू नये, संमती मिळाल्यास दाखला विनाविलंब द्यावा. 'विनाविलंब' हा शब्द माझा. त्यावर साहेबांनी मान डोलावली तेव्हा मी लाजलो होतो.

पहिल्या सभेला नऊ पुरुष आले. त्यातल्या पाच जणांचं शाळेत कुणी नव्हतं. चहा मिळेल म्हणून ते पारावरून उठून आले होते. बाकीचे आपलं पोर कितवीत आहे हे एकमेकांना विचारून घेत होते. अध्यक्ष शिक्षणाच्या महत्त्वावर बोलले. पोलीस पाटील पेंगले. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली, डोक्याला चुंबळ तशीच, पायांना गुडघ्यापर्यंत पांढरी माती. तलावावरच्या मुकादमाला सांगून ती दीड कोस चालत आली होती.

तिची मुलगी माझ्या सातवीत होती. वर्गातली सगळ्यांत हुशार म्हणून नाही सांगत, सगळ्यांत उपयोगी म्हणून सांगतो. दुसरे गुरुजी रजेवर गेले की पहिली-दुसरीची पोरं तीच सांभाळी, आणि मी निर्धास्तपणे खुर्चीत बसून राही. तिचा बाप सोलापूरला काम बघतो म्हणून गेला तो तिकडचाच झाला होता. घरात ती, तिची आई आणि एक म्हातारा आजा.

"बाई, तुमी बाहीर बसा," अध्यक्ष म्हणाले. "ही पालकांची सभा हाय."

ती व्हरांड्यात बसली. सभा संपेपर्यंत बसली. मी रजिस्टरमध्ये तिच्या मुलीच्या नावापुढे लिहिलं, 'पालक गैरहजर'. ज्यांची पोरं शाळेत नव्हती त्या पाच जणांच्या सह्या मात्र मी 'हितचिंतक' म्हणून घेतल्या.

सगळे गेल्यावर ती जवळ आली. "गुर्जी, तीन डाव गैरहाजरी झाली तर नाव काढतेत म्हनं. खरं हाय का?"

"नियम आहे."

"नाव काढू नका. माझ्या दिरानं पोरीला जागा बघून ठिवलीय. उदगिराकडली. पर शाळंत नाव हाय म्हनून ते लोक भेत्यात. शाळंतली पोर नेली म्हनून सरकारात कुनी अर्ज केला तर काय घ्या, म्हनत्यात. नाव हाय तवर दीर गप बसंल. सातवीची परीक्षा होऊ द्या, मंग मी बघते काय करायचं ते."

एवढं साफ तिनं मला सांगितलं होतं. त्या हजेरीपटावरची एक ओळ तिच्या मुलीच्या आणि तिशी ओलांडलेल्या एका बिजवराच्या मध्ये उभी होती. त्याच्या मळ्यातल्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असे आणि त्या साली एवढ्यावर कुणीही जावई म्हणून चालत होता. मुलीला तेरावं सरलं होतं. मी "बघू" म्हणालो. सरकारी माणसाच्या तोंडात हा शब्द कायम तयार असतो.

दुसऱ्या सोमवारी ती पुन्हा आली, पुन्हा व्हरांड्यात बसली, आणि मी पुन्हा 'पालक गैरहजर' लिहिलं. माझ्यापासून चार हातांवर ती बसलेली दिसत होती. मधल्या काळात मी साहेबांना पत्र लिहून विचारलं असतं की आईला पालक धरावं का, तर कदाचित काही झालं असतं. मी लिहिलं नाही, कारण साहेबांना असले प्रश्न आवडत नसत आणि औशाच्या आणखी जवळ जायची बदली मला पुढेमागे त्यांच्याच शेऱ्यावर मिळणार होती. त्याऐवजी मी हुशारी केली.

"घरात कुणीच पुरुष नाही का?" मी तिला विचारलं.

"मामंजी हायत. पर त्यान्ला कायबी कळत न्हाई गुर्जी. मला कवा माय म्हनतेत, कवा मावशी."

"त्यांना घेऊन या. नियमात कळायची अट नाही."

ती हसली. मलाही माझ्या वाक्याचं कौतुक वाटलं. घरी जाऊन बायकोला मी ते दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा म्हणाली, "त्यापरीस तिलाच आत बसवा की." बायकांना नियमातलं काय कळतं, असं मी म्हणालो. खरंच म्हणालो.

तिसऱ्या सभेला साहेब जातीनं हजर होते. वर दाखवायला त्यांना शंभर टक्के उपस्थिती हवी होती, म्हणून मी आणि अध्यक्षांनी पारावरचा, मळ्यातला, आजारातून उठलेला असा एकूण एक पुरुष गोळा केला होता. दहा वाजून गेले आणि ती सासऱ्याला घेऊन आली. म्हाताऱ्याला धुतलेलं धोतर, डोक्याला नीट बांधलेला फेटा. एका हातानं तिचा खांदा धरून तो पाऊल टाकत होता. दारापर्यंत तिनं आणलं, आत मी धरून खुर्चीवर बसवलं, आणि ती बाहेर आपल्या जागी जाऊन बसली.

म्हाताऱ्यानं साहेबांना नीट न्याहाळलं. मग तो उठायची धडपड करू लागला आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "लेव्ही घातली जी सरकार! पेवात आता दाना न्हाई. पायजे तर उघडून बघा."

निजामाच्या काळात सरकारला धान्याची लेव्ही द्यावी लागे. म्हातारा अजून तिथेच होता. साहेब मूळचे पुण्याकडचे. त्यांना काही उमगलं नाही.

"काय म्हणतायत आजोबा?"

"सायबांचं स्वागत करायलेत," अध्यक्ष म्हणाले.

साहेब हेलावले. एवढा वृद्ध माणूस नातीच्या शिक्षणासाठी चालत येतो, असं म्हणून त्यांनी आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढून म्हाताऱ्याच्या गळ्यात घातला. आदर्श पालक म्हणून त्याचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. म्हातारा झेंडूची एक पाकळी तोडून चावून बघत होता. मी शाईचा डबा पुढे केला, त्याचा अंगठा धरून रजिस्टरवर उमटवला आणि त्यापुढे लिहिलं: पालक हजर. खिडकीतून मी बाहेर पाहिलं तर ती तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. सगळ्या मूर्खांना आम्ही दोघांनी मिळून बनवलं, असं मला त्या वेळी वाटलं.

साहेबांनी अहवाल वर पाठवला. आमच्या धोरणाची म्हणे वाखाणणी झाली. मी ती चिठ्ठी बरेच दिवस खिशात घेऊन हिंडत होतो.

परीक्षेला दीड महिना राहिला असेल. भर दुपारी तिचा दीर शाळेत आला. हा अध्यक्षांच्या दुकानात मापाडी होता, भावापासून वेगळा राहणारा. म्हाताऱ्याला त्यानं कधी पाणी पाजलं असेल असं वाटत नाही. त्याच्यासोबत अध्यक्षही होते, सहज आल्यासारखे. दिरानं घडी घातलेला एक कागद टेबलावर ठेवला. मुलीचं नाव शाळेतून कमी करून दाखला द्यावा, अशी अर्जी. मजकूर अध्यक्षांच्या अक्षरात. खाली निळा, ठसठशीत अंगठा.

"हे काय?"

"मामला सरळ हाय," दीर म्हणाला. "पालकाची संमती. आमचा बाप तिचा पालक हाय, तुमच्याच वहीत हाय. सायबांनी हार घातलाय त्याला."

"तिच्या आईला माहीत आहे का?"

अध्यक्ष हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले, "गुर्जी, आई पालक हाय असं कुठं लिव्हलंय का तुमी?"

लिहिलं नव्हतं. माझ्याच अक्षरातलं धोरण माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवलेलं होतं आणि अध्यक्षांनी त्याच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. मी म्हणू शकलो असतो की म्हाताऱ्याला समजत नाही. पण मग आदर्श पालक कुणाला केलं, अहवाल कुणाच्या सहीनं गेला, आणि कळायची अट नाही हे कुणी म्हटलं होतं, हे सगळंच निघालं असतं. मी म्हणू शकलो असतो की साहेबांना विचारून सांगतो. तेवढं म्हणायला कसलीही हिंमत लागत नाही, सरकारी नोकर दिवसातून दहादा ते म्हणतो. मी राहत होतो ती खोली अध्यक्षांची, बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. दाखल्याचं पुस्तक काढलं, लिहिलं, शिक्का मारला. हजेरीपटावर तिच्या नावावर पट्टी ठेवून लाल शाईनं रेघ ओढली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

या अवधीत ती मुलगी पलीकडच्या खोलीत पहिलीच्या पोरांना पाढे म्हणून दाखवत होती. तिचा आवाज इकडे येत होता. दीर तिला काही न बोलता निघून गेला. परवा पाहुणे येणार होते, तोवर घरी गडबड नको, असं त्याचं म्हणणं. शाळा सुटल्यावर ती रोजच्यासारखी दप्तर घेऊन घरी गेली. मीही तिला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना चालू असताना तिची आई फाटकाशी आली. तलावाकडे जायच्या वाटेवरून मुद्दाम वळून आली होती. डोक्यावर रिकामं टोपलं.

"गुर्जी," ती म्हणाली, "काल सांजच्याला मामंजींचा अंगठा बघितला तर निळाशार. घासून घासून धुतला, निघंनाच. त्यान्ला इचारलं तर लेव्ही, लेव्ही म्हनतेत. मंग माझ्या ध्यानात आलं. मी कामावर असताना तुमी सभा घेतली जनू अन् दीर त्यान्ला घेऊन आला. मला बाई नवलच वाटलं दिराचं." टोपलं सावरून तिनं विचारलं, "लागली न्हवं हजिरी?"

मी हो म्हणालो.

"मंग झालं," ती म्हणाली आणि भराभर चालायला लागली, कारण उशीर झाला की मुकादम परत पाठवी.

मी वर्गात गेलो. हजेरीपट उघडला. मुली उजवीकडे बसत, तिची मुलगी पहिल्या ओळीत, पाटीऐवजी वही मिळाली म्हणून वर्षभर जपून वापरलेली वही मांडीवर. मी नावं घ्यायला लागलो. लाल रेघेपाशी थांबलो नाही, खालचं नाव घेतलं. त्या नावाच्या मुलीनं लगेच हजर म्हटलं नाही. तिनं पहिल्या ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मांडीवरची वही खाली ठेवून ती उठून उभी राहिली.

"गुर्जी, माझं नाव राहिलं."

मी पुढचं नाव घेतलं.